ओझ्याखाली मऊ

वैशाख लागला की आमच्या दारावरून चिऱ्यांच्या गाड्या धावू लागतात. पावसाआधी ज्याला त्याला पाया वर काढायचा असतो, कुणाला गडगा पुरा करायचा असतो, कुणाला विहिरीचं तोंड बांधून घ्यायचं असतं. आता खाणीवर यंत्रं आली आणि चिरा सुरीने कापल्यासारखा निघतो, पण धूळ तीच. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांना तोच तांबूस रंग चढतो, आणि मी तीच कुरकुर करते. पडवीत भाजी निवडता निवडता, मान वर न करता मी सांगते, ही भरलेली चालली, ही रिकामी आली. भरलेली गाडी कण्हत, दबकत जाते. रिकामी येते ती भांड्यांचा हारा कुणी जिन्यावरून सोडून द्यावा तशी. नातवंडांना त्याची मोठी गंमत वाटते. मला ती कधी वाटली नाही. रिकाम्या गाडीचा आवाज कानावर आला की इतक्या वर्षांनीही माझा एक हात आपोआप पोटाशी जातो.

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. आपला जिल्हा अजून रत्नागिरीच म्हणवत होता आणि गोव्याची हद्द बंद होती. मी मिठबावची, शाळामास्तरांची मुलगी. सकाळी उठलं की समुद्र दिसायचा, भांडी घासताना दिसायचा, रुसून मागल्या दारी बसलं तरी दिसायचा. लग्न होऊन आले ती धामापूरच्या तळ्यापासून कोसभर अलीकडे, जिथून समुद्र दिसत नाही, वास येत नाही आणि चार बाजूंना जांभ्याचा सडा, नुसता उघडा कातळ. सासर वाईट नव्हतं. माणसं तोंडाची फटकळ पण पोटात काही न ठेवणारी होती. तरी पहिलं वर्षभर मला सारखं वाटायचं की कुणीतरी झाकण लावलंय आणि ते उघडायला विसरलंय.

ह्यांच्याकडे पिकप होता. लष्कराने काढून टाकलेली गाडी बेळगावच्या बाजूने फिरत फिरत ह्यांच्या हाती आली होती. पुढे दोन माणसांची केबिन, मागे लाकडी हौदा. पंचक्रोशीत तेवढी एकच गाडी, त्यामुळे आंबे, खत, कौलं, आजारी माणूस, लग्नातला बेंडबाजा, सगळं तिच्यातूनच जायचं. मला त्या गाडीचा अभिमान होता हे आता कबूल करायला हरकत नाही. एक तर ती मऊ होती. खड्ड्यात गेली की खाली दबायची आणि सावकाश वर यायची. नवी नवरी असताना ह्यांनी मला तिच्यातून मालवणला नेलं होतं, तेव्हा पाण्यावरच्या होडीत बसल्यासारखं वाटून मला माहेरची आठवण आली होती आणि मी वाटेत रडले होते. हे घाबरून सारखे विचारत होते, कुठे लागलं का.

आदल्या वर्षी माझं पहिलं गेलं. चौथ्या महिन्यात बैलगाडीतून एका लग्नाला गेले, परत आले, आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. तसं होतं, असं सगळ्यांनी सांगितलं. सासूबाईंची स्वतःची दोन गेलेली होती, त्यांनीही तेच सांगितलं आणि पाचव्या दिवशी माझ्या पुढ्यात नारळ आणि खवणी आणून ठेवली. त्यांना वाटलं कामात मन रमेल. त्यांचं कदाचित रमलं असेल. मला मात्र रडायला जागा मिळाली नाही. चुलीपाशी धूर असायचा म्हणून तिथे थोडं उरकून घ्यायची, एवढंच.

म्हणून दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी एकच गोष्ट धरून बसले: बाळंत होणार ती मिठबावला, आईजवळ. रीतही तशीच असते, त्यात मी जगावेगळं काही मागत नव्हते. सुईणीने हात लावून बघितलं आणि बजावलं की बैलगाडी नाही, एस्टी नाही, एकही हिसका नाही. आठव्या महिन्यात आमच्याकडे प्रवास करत नाहीत. नवव्यात मिरग लागून खाडी खवळते आणि तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, बंद होते. म्हणजे जायचं तर सातव्यातच, वैशाख सरायच्या आत. हे म्हणाले, काळजी नको, आपली गाडी आहे. ह्यांचं वाक्य माझ्या अजून कानात आहे. "पुढे बसवन नेतलंय तुका. पोटातला पाणी हलाचा नाय." बोलण्यात सगळेच असं म्हणतात. मी ते शब्दशः धरून ठेवलं.

पण त्याच वर्षी गावाने हायस्कूल बांधायला घेतलं आणि ह्यांनी कमिटीला शब्द दिला की पावसाआधी सगळे चिरे मी आणून टाकतो. शाळेला पाठ फिरवणं ह्यांना जमण्यासारखं नव्हतं. स्वतः चौथीतून उठलेला माणूस, त्यामुळे शाळा म्हटली की ह्यांच्या तोंडावर देवळात उभं राहिल्याची कळा यायची. फाल्गुनापासून खाण ते शाळेचा माळ अशा खेपा सुरू झाल्या. चिरा म्हणजे काही कापूस नव्हे. ताजा काढलेला चिरा आतून ओलसर, गार आणि दुप्पट जड लागतो. थोडे जास्त भरले की गाडी बसायची. बसायची म्हणजे मागचे पाटे, चाकांवरच्या त्या पोलादी कमानपट्ट्या, पालथे व्हायचे, हौदा आसावर टेकायचा आणि ठण् ठण् आवाज करत गाडी बैलापेक्षा हळू चालायची. एकदा पाटा मोडला, दोन दिवस गेले. पंधरा दिवसांनी दुसरा मोडला. पूर्वी असं सामान गोव्याकडून मिळायचं, तेही आता बंद. मी पडवीतल्या खांबावर कोळशाने दिवस मांडत होते, आणि खेपा काही संपत नव्हत्या.

तेव्हा ती कल्पना मला सुचली. हो, मलाच. हे जेवायला बसले होते, तोंडाला तांबडी धूळ, घास हातात तसाच. मी पेज वाढता वाढता म्हटलं, पाटे मोडतात तर आणखी पाटे घाला की. एका खेपेला दीडपट चिरे येतील, काम वैशाखाच्या तोंडाशीच संपेल आणि गाडी मोकळी होईल. मास्तरांची मुलगी होते, गणित चोख मांडलं होतं. ह्यांनी घास खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मला पहिल्यांदाच बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते सोनू मेस्तांना घेऊन आले.

सोनू मेस्त म्हणजे आमच्याकडचे लोहार, सासऱ्यांच्या वयाचे. हयात कोयते, फाळ आणि बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवण्यात गेलेली. मोटारीचं काम त्यांनी कधी केलं नव्हतं, पण केलं नाही म्हणजे येत नाही असं त्यांना वाटत नसे. मोडक्या लष्करी लॉरीचे पाटे कुठूनसे मिळाले, आमच्या पाट्यांच्या दीडपट जाड. परसात भाता मांडला. पाटा लाल करायचा, घणाने ठोकून त्याला बाक द्यायचा, मग पाणी पाजायचं. एकेका बाजूला सात पाटे होते, ते नऊ झाले. वरून त्यांनी ते पट्ट्यांनी आवळले, आणि आवळले ते चाकावर धाव आवळतात तसे, केसही आत जाऊ नये असे. बैलगाडीत जे हलतं ते वाईट, एवढं त्यांच्या हाडात भिनलेलं होतं. पाटे एकमेकांवर सरकायला हवेत हे ह्यांना माहीत होतं, पण वडीलधाऱ्या माणसाला कोण सांगणार. ह्यांनी हळूच वंगणाचा विषय काढला, तर मेस्तांनी होड्यांना लावतात ते मोरी माशाचं तेल आणून पाट्यांच्या मधून ओतलं.

त्या तेलाचा वास मी जन्मात विसरणार नाही. गाडी दारात उभी राहिली की वाडीतली यच्चयावत मांजरं तिच्या खाली जमायची आणि आस चाटत बसायची. हे गाडी सुरू करण्याआधी वाकून शुक्‌शुक् करायचे. सासूबाई म्हणायच्या की आता गाडीला नैवेद्याला बांगडा ठेवा. मी हसायचे आणि हसता हसता उलटीला मागल्या दारी धावायचे. त्या आठवड्यात घरात बरंच हसणं झालं. गाडी साठ चिरे घेऊन चढ चढली आणि बसली नाही, तेव्हा ह्यांनी मेस्तांच्या पायांवर डोकं ठेवलं होतं.

गणित कुठे चुकलं ते मला आठवड्याभरात कळलं. गाडीला दीडपट पेलतं हे बघितल्यावर कमिटीने शाळेला कुंपणाचा गडगाही धरला. मग विहीर धरली. मग म्हणाले, एवढं होतंच आहे तर बाजूला मास्तरांसाठी दोन खोल्या काढू. ओझं पेलतं म्हटल्यावर ओझं वाढवणारी माणसं कुठून कुठून येतात, हे मी नंतर आयुष्यभर बघितलं. मी स्वतःसुद्धा सुनांच्या बाबतीत तेच केलं, ते असो. खेपा कमी होण्याऐवजी वाढल्या. वैशाखाचे दिवस सरत होते. दुपारी पत्र्यासारखं ऊन तापायचं, सडा डोळ्यांत खुपायचा, पानही हलायचं नाही आणि मी खांबापाशी बसून रेघा मोजायची. पोटातलं फिरायचं, ढुशा द्यायचं. मी त्याला मनात सांगायची की थांब जरा, आपण दोघं एकाच ठिकाणी अडकलोय.

शेवटी सातवा सरायला चार दिवस उरले तेव्हा मी ह्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, कधी? ह्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी खेपेआधी गाडी झाडून, मांजरं हाकलून, सीटवर गोधडी टाकली. म्हणाले, देवळापर्यंत जाऊन येऊ, तुला बसण्याचा अंदाज येईल. गाडी रिकामी होती. मी बसले आणि आम्ही निघालो. पहिल्याच खड्ड्याला मी सीटवरून उचलले गेले आणि डोकं टपाला लागलं. दुसऱ्याला कण्यातून कळ गेली. हाडावर हाड आपटावं तसं मागून काहीतरी आपटत होतं. ती मऊ गाडी कुठे गेली, मला कळेना. मी ओरडलेही नाही, नुसता ह्यांचा दंड धरला. ह्यांनी गाडी थांबवली आणि दोन्ही हात चक्रावर ठेवून समोर बघत बसले. देऊळ तिथून दिसत होतं. आम्ही घरी चालत आलो.

मी म्हटलं, ते जास्तीचे पाटे काढा. ह्यांनी सांगितलं की मेस्तांनी बोल्ट तापवून ठोकलेत, काढायचे तर कापावे लागतील, मग चार-पाच दिवस गाडी उभी. चार-पाच दिवस माझ्याजवळ नव्हतेच. रागाने मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. आठवतं एवढंच, की राग ह्यांचा कमी आणि स्वतःचा जास्त आला होता. माझ्याच तोंडच्या शब्दाने माझी वाट बंद केली होती, आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

मेस्तांना बोलावणं गेलं. म्हातारा आला, गाडीभोवती फिरला, हौद्यावर हात ठेवून दाबून बघितलं, गाडी तसूभर खाली गेली नाही. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "गाडयेचो दोष नाय, बाये. ती आता ओझ्याखालीच मऊ जातली." म्हणजे चिरे भरा आणि मग हिला बसवा. ह्यांनी चाळीस चिरे भरले. पुन्हा देवळापर्यंत गेलो. आणि खरंच, गाडी दबत दबत, झुलत, पूर्वीसारखी गेली. मला हसावं की रडावं ते कळेना. ठरलं, की चाळीस चिरे मिठबावपर्यंत न्यायचे आणि तेच परत आणायचे. सासूबाई माझी ट्रंक भरताना म्हणाल्या, "म्हायेराक चिरे घेवन जाणारी तूच पयली गो." मग ट्रंकेत त्यांनी स्वतःची जुनी मऊ लुगडी घातली, बाळाच्या दुपट्यांसाठी.

मेस्तांचं ते वाक्य मी पुढे कितीदा आठवलं असेल. सासूबाईंना म्हातारपणी आम्ही कामाला हात लावू देत नव्हतो, तेव्हा त्या दिवसभर साऱ्यांच्या अंगावर यायच्या. एकदा सहज त्यांच्यापुढे शेरभर तांदूळ निवडायला टाकले तर संध्याकाळपर्यंत गोड बोलत होत्या. ह्यांचंही तसंच. गाडी विकल्यावर घरात नुसते आदळत असायचे. मीही काही वेगळी नाही. नातवंडं मुंबईला गेली की मीही दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही. आमच्या पिढीलाच कुणीतरी जास्तीचे पाटे घालून ठेवले होते, आणि ते काढायचे तर कापावे लागले असते.

निघालो त्या दिवशी सकाळी उन्हं चढायच्या आत. मी पुढे गोधडीवर, मांडीवर पाण्याचा तांब्या, मागे चाळीस चिरे. गाडी कण्हत चालली होती आणि माझ्या पोटातलं पाणी खरंच हलत नव्हतं. वाटेत सुरंगीचा वास आला, काजूच्या बोंडांचा आला, मधूनच मोरीच्या तेलाचा. हे एकेक खड्डा बघून, चाक अर्धं रस्त्यावर अर्धं गवतावर घालून गाडी हाकत होते. मला वाटलं, सुटले. पाठीमागे ते घर, तो खांब, त्या कोळशाच्या रेघा लहान लहान होत गेल्या. मी ह्यांच्याशी हसून बोलले, बऱ्याच दिवसांनी.

खाडीवर आलो आणि पुन्हा भिंत उभी राहिली. गाडी पलीकडे न्यायची तर दोन होड्यांवर फळ्या ठोकलेला तराफा असे. तिथला तारी उठून आला, हौद्यात डोकावला आणि म्हणाला, "भरलेली गाडी मी घेवचंय नाय. चिरे उतरा, नायतर मागे फिरा." ह्यांनी त्याला सगळं सांगितलं, माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्याने फळ्या दाखवल्या, होड्या दाखवल्या, एवढ्या ओझ्याने त्या मध्येच बसतील हे पटवून दिलं. वर म्हणाला की भरती तासाभराची आहे, पाणी उतरलं की रिकामी गाडीसुद्धा उद्यावर गेली. ह्यांनी ऐकून घेतलं, सदरा काढला आणि चिरे उतरवायला सुरुवात केली. पलीकडे दुसरे कुठून मिळतील का, असं एकदा विचारलं. तिकडे नुसती पुळण, वाळूच वाळू, तारी म्हणाला. तरी ह्यांचे हात थांबले नाहीत. एकेक चिरा छातीशी धरून नेत होते आणि किनाऱ्यावर रचत होते, अगदी नीट, भिंत बांधायची असल्यासारखे. मी उंडीच्या झाडाखाली बसून बघत होते. भरलेल्या गाडीला खाडी नको म्हणत होती आणि रिकाम्या गाडीला माझं पोट. मागे फिरावं तर पुन्हा तोच खांब होता. मला वाटलं, आता इथेच, ह्या झाडाखालीच बाळंत व्हायचं आपल्या नशिबात.

त्या दिवशी अलीकडच्या गावी बाजार होता. पलीकडची माणसं बाजार करून छोट्या होडीची वाट बघत झाडाखाली टेकली होती. बहुतेक बायकाच, टोपल्यांमध्ये मिरच्या, कांदे, सुकी मासळी, एकीच्या काखेत पाय बांधलेली कोंबडी. माझ्या शेजारच्या बाईने विचारलं तशी मी तिला सगळं सांगून टाकलं. पहिलं गेलं तेसुद्धा सांगितलं, जे मी माझ्या आईलाही पत्रात धड लिहिलं नव्हतं. बाई आडव्या बांध्याची होती, कपाळावर मोठं कुंकू. तिने ऐकलं, चिऱ्यांकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि उठून ह्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "चिऱ्यांच्या जागेर आमका बसव रे," ती म्हणाली. "आमचा वजन काय कमी आसा?"

तराफ्यावरून रिकामी गाडी गेली. मी आणि ती माणसं होडीतून गेलो. पलीकडे पुळणीवर गाडी लागली आणि ती सगळी हौद्यात चढली, टोपल्या, कोंबडी, दोन म्हातारे, सगळी मिळून बावीस-तेवीस असतील. कोण कुठे बसलं की गाडी समतोल राहील याचा खल झाला. जाड बाया आसावर, असं एका म्हाताऱ्याने ठरवलं आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. गाडी निघाली आणि दबत, झुलत, मऊ चालली. मागून गप्पा, हसणं, मिरच्यांचा खकाणा येत होता. हे मान वळवून बघायचे आणि पुन्हा रस्त्याकडे बघायचे. त्यांच्या दंडांना चिऱ्यांनी खरचटून रक्त आलं होतं, आणि ते त्यांना माहीतही नव्हतं.

पण माणसं काही चिरे नव्हेत, त्यांची घरं येतात. पहिल्या वाडीला सहाजणं उतरली. पुढच्या खड्ड्याला मला फरक कळला. दुसऱ्या वाडीला पाचजणं उतरली, जाताना एकीने माझ्या ओटीत दोन कांदे टाकले, देण्यासारखं तेवढंच हाताशी होतं तिच्या. गाडी आता कुरकुरायला लागली होती. माहेर जसजसं जवळ येत होतं तसतसा रस्ता कठीण होत होता. दर वळणाला कुणीतरी हौद्यावर थाप मारायचं, उतरायचं, पुढे येऊन विचारायचं, आता जाशील ना गो? मी मान हलवायची. शेवटी फक्त ती मोठ्या कुंकवाची बाई राहिली. तिची वाडी मागेच गेली होती. आम्हाला ते कळलं तेव्हा ती म्हणाली की एका माणसाने फार फरक पडत नाही, पण अगदीच काही नसण्यापेक्षा बरं. मिठबावच्या हद्दीवर मीच तिला उतरवलं, कारण तिला तेवढंच परत चालायचं होतं. तिचं नाव विचारायचं राहून गेलं, याची खंत मला आजही आहे.

तिथून गाडी वीस पावलं गेली असेल. एक हिसका बसला आणि कमरेत जी कळ आली ती मला ओळखीची होती. आदल्या वर्षीची. मी म्हटलं, थांबा. हे उतरले, चहूकडे बघितलं. दगड नाही, काही नाही, पुळण आणि केवडा. ह्यांनी ट्रंक उघडली आणि सासूबाईंच्या लुगड्यात वाळू भरायला लागले, ओंजळीओंजळीने. मी थोडा वेळ ते बघत राहिले. मग ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की मी चालते. ओळखीची पायवाट आहे, बागांमधून मैलभरसुद्धा नाही, दर दहा पावलांवर विहीर आणि माझ्या नावाने हाक मारणारी माणसं आहेत. तुम्ही रस्त्याने वळसा घेऊन ट्रंक घेऊन पुढे व्हा. हे ऐकेनात. मी म्हटलं, "तुमी जावा. माका चलूक होया."

मी चालले. चपला हातात, पायाखाली मऊ गार वाळू. थांबत थांबत, माडाला टेकत, कळ आली की श्वास धरून आणि गेली की पुन्हा पाऊल टाकून. डाव्या हाताला समुद्र होता. दोन महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या पुढे काही नव्हतं, भिंत नाही, दिवस नाही, गणित नाही, नुसती पायवाट. भीती होती, खूप होती. पण ती माझ्याबरोबर चालत होती, मला कोंडून बसली नव्हती. पोटातलं मात्र हालत नव्हतं. होडीत बसल्यापासूनच हाललं नव्हतं, आणि हे मी ह्यांना सांगितलेलं नव्हतं.

आमच्या घराच्या मागल्या बाजूला उंचवटा आहे. तिथे पोचले तेव्हा गाडीचा आवाज आला, रिकाम्या गाडीचा, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा. आई तो ऐकून पदराला हात पुसत धावत अंगणाबाहेर आली. गाडी थांबली. आई माझ्या बाजूच्या दारापाशी गेली आणि आत बघितलं. आत कुणी नव्हतं. हे ट्रंक घेऊन खाली उतरत होते, वाळूने माखलेले, दंडांवर रक्त. आई दाराची कडी धरून तशीच उभी राहिली. मला हाक मारायची होती, पण दम पुरत नव्हता.

ती पोटातली आज साठीची आहे आणि मला औषधांवरून रागावते. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं. मी उतार उतरून कुंपणाच्या बेड्यापाशी आले, बांबू सरकवला, त्या आवाजाने आईने मान वळवली. धावत आली नाही. हळूहळू आली, जणू जोरात आली तर मी नाहीशी होईन. माझ्या पायांवरची वाळू बघून तिने विचारलं, "चलत इलंस?"

"होय," मी म्हटलं. "आमी दोगांय."

आईने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. तिने माझ्या पोटावर हात ठेवला आणि ठेवूनच राहिली. अंगणात हे उभे होते, शेजारणी जमल्या होत्या. किती वेळ गेला मला माहीत नाही. आतून एक ढुशी बसली, मला आणि तिच्या हाताला एकदमच. मग आईने हात काढला आणि म्हणाली, पाय धू आणि आत ये.